शब्दांचा कस

गेल्या अंकात मी एक विनंती केली होती. रसायनशास्त्रातले जे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसले आहेत, त्यांतला एखादा अडला असेल, खटकला असेल, तर कळवा. ३१ वर्षं मी शाळेत हा विषय शिकवला, आणि शिकवताना नेहमी वाटायचं की भाषेच्या तासाला शिकवलेला वाक्प्रचार आणि माझ्या प्रयोगशाळेतली बाटली यांची मुलांच्या मनात कधी गाठच पडत नाही. पत्रं भरपूर आली. सगळी इथे मावणार नाहीत. ज्यांनी मला कपाट उघडून जुन्या वस्तू बाहेर काढायला लावल्या, ती आधी घेते.

प्रश्न : बाई, मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करतो. एकाच बातमीत 'लिटमस टेस्ट', 'ॲसिड टेस्ट' आणि 'कसोटी' असे तीन शब्द आले. मी तिन्ही ठिकाणी 'कसोटी' केलं. बातमीदार नाराज झाला. माझं चुकलं का?

उत्तर : एका ठिकाणी चुकलं, दोन ठिकाणी बरोबर केलंत. 'ॲसिड टेस्ट'च्या जागी 'कसोटी' घातलीत ते अगदी योग्य, कारण दोन्ही एकाच कामाची नावं आहेत. लिटमसचं मात्र वेगळं आहे. जरा सविस्तर सांगते.

कसोटी हा मुळात दगड आहे. काळा, बारीक कणांचा, हाताला गुळगुळीत. माझ्याकडे बोटभर लांबीचा एक आहे. तो प्रयोगशाळेच्या कपाटात असायचा, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तोच माझ्या हातात ठेवला. दरवर्षी मी तो वर्गात नेत असे. माझी अंगठी आणि पितळेची एक किल्ली त्यावर शेजारीशेजारी घासायची. काळ्या दगडावर दोन पिवळ्या रेघा उमटतात. यातली सोन्याची कुठली, असं विचारलं की वर्गात दोन तट पडायचे, कारण दोन्ही रेघा जवळजवळ सारख्याच दिसतात. मग काचेच्या कांडीने दोन्हींवर नायट्रिक आम्लाचा एकेक थेंब ठेवायचा. पितळेची रेघ थेंबाखाली फिकट होत जाते आणि बघता बघता नाहीशी होते. सोन्याची रेघ थेंब टिपून घेतल्यावरही जिथल्या तिथे. त्या वेळी मागच्या बाकांवरची मुलंही उठून टेबलाशी यायची.

म्हणजे दगडावर घासणं आणि आम्लाचा थेंब टाकणं ही एकाच परीक्षेची दोन पावलं आहेत. इंग्रजीने दुसऱ्या पावलावरून नाव घेतलं, आपण पहिल्या पावलावरून. आणि त्या एका दगडाने मराठीला किती शब्द दिले पाहा. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणं. त्यावरून कस. ज्याचा कस हीन तो हिणकस. जमीन कसदार, लेखन कसदार, खेळाडूचा कस लागतो, सोनं बावनकशी. शासकीय परिपत्रकातला 'निकष' हा कोरडा वाटणारा शब्दही मुळात कसोटीच्या दगडाचंच नाव आहे. पात्रतेचे निकष लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो काळा दगड एकदा तरी यावा, असं मला फार वाटतं.

आता लिटमस. हा रंग दगडफुलाच्या जातभाईंपासून काढतात आणि त्यात कागद भिजवतात. निळा कागद आम्लात लाल होतो, लाल कागद आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध टोकाच्या पदार्थात, निळा. पण तो फक्त बाजू सांगतो. लिंबाच्या रसात बुडवा किंवा गाडीच्या बॅटरीतल्या सल्फ्युरिक आम्लात, कागद लालच होणार. त्यांतलं एक जिभेवर चालतं आणि दुसरं कातडी जाळतं, हे त्याला सांगता येत नाही. किती तीव्र, हे मोजायला १९०९ साली सोरेनसन या डॅनिश रसायनतज्ज्ञाने पीएच मोजपट्टी दिली. कसोटीचा दगड मात्र 'किती' हेही सांगतो. ठाऊक शुद्धतेच्या सोन्याच्या रेघा शेजारी ओढायच्या आणि रंग ताडून बघायचा, की शुद्धतेचा अंदाज येतो.

तेव्हा एखाद्या मतदानातून अमुक माणूस या बाजूचा की त्या बाजूचा एवढंच कळणार असेल, तर 'लिटमस' म्हणू द्या. माणसात किती दम आहे हे कळणार असेल, तर कसोटीच. बातमीदाराने पहिल्या अर्थाने लिहिलं असेल, तर त्याची नाराजी रास्त होती.

कसोटीचा विषय निघालाच आहे तर एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नायट्रिक आम्लाला न बधणारं सोनं आम्लराजात विरघळतं. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, दोन्ही तीव्र. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं ठेवलेली होती. त्यांवर नावं कोरलेली, आणि जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तेव्हा तिथे गंभीर गुन्हा. त्या संस्थेतले रसायनतज्ज्ञ गेओर्ग द हेवेशी यांनी ती पदकं आम्लराजात विरघळवली. द्रावणाची बाटली फळीवर इतर बाटल्यांत उभी राहिली, आणि झडती घेणाऱ्यांना तिच्यात काही दिसलं नाही. युद्ध संपल्यावर द्रावणातून सोनं परत मिळवलं, आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दिली. सोनं 'कसाला उतरणं' म्हणजे कधीच न विरघळणं, असं माझी मुलं समजत. ही गोष्ट ऐकली की गप्प बसत.

प्रश्न : आई नेहमी म्हणते, 'माणूस तावून-सुलाखून घ्यावा.' तावणं कळलं, सुलाखणं म्हणजे काय? आणि खोटेपणा उघडकीला आला की 'पितळ उघडं पडलं' असंच का म्हणतात? तांबं का पडत नाही?

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं संमिश्र. एकटं तांबं तांबूस (तांबडा हा शब्दच त्याच्यावरून आला), एकटं जस्त निळसर करडं, पण दोन्ही एकत्र वितळली की पिवळा रंग येतो. सोन्याच्या इतका जवळचा रंग दुसऱ्या स्वस्त धातूला नाही. म्हणून सोन्याची नक्कल करायची तर आत पितळ घ्यायचं आणि वर मुलामा द्यायचा. मुलामा कुठे झिजला, तरी आतला पिवळेपणा काही दिवस बघणाऱ्याला फसवत राहतो. तांब्यावर मुलामा दिला, तर पहिल्याच ओरखड्याला लाली दिसेल. पितळ निभावून नेतं, पण कायमचं नाही. सोनं हवेत काळवंडत नाही, पितळ काळवंडतं. घासलेल्या कडांवर काळपट डाग दिसू लागले की पितळ उघडं पडलं.

जुन्या पद्धतीचा मुलामा असा देत : सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो पितळेवर चोळायचा आणि वस्तू तापवायची. पारा उडून जातो, सोन्याचा पापुद्रा मागे राहतो. उडालेला पारा त्या कारागिराच्या छातीत जायचा, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता सुलाखणं. कसोटीचा दगड वस्तूचा फक्त वरचा भाग घासून घेतो. मुलामा जाड असेल, तर दगडही फसतो. म्हणून नाण्याला किंवा तुकड्याला भोक पाडून आत काय आहे ते बघत. ते भोक म्हणजे सुलाख. तावणं म्हणजे तापवणं. तापवल्यावर हलक्या धातूंचा रंग बदलतो, सोन्याचा बदलत नाही. संस्कृत सुभाषितात सोन्याच्या चार परीक्षा सांगितल्या आहेत : घासणं, कापणं, तापवणं, ठोकणं. तुमच्या आईने त्यांतल्या दोन सांगितल्या, आणि दोन्ही आतवर जाणाऱ्या सांगितल्या. पाचवी मी सांगते, वजन. त्याच आकाराचा सोन्याचा तुकडा पितळेच्या दुपटीहून जड भरतो. हातात घेऊन बघितलं, तरी जाणवतं.

प्रश्न : नात विचारते, "आजोबा, आजीचा पारा चढला म्हणजे कुठे चढला?" घरात ताप बघायचं यंत्र आकडे दाखवणारं आहे. तिने पारा पाहिलेलाच नाही. काय सांगू?

उत्तर : तिला सांगा की काचेची एक बारीक नळी असायची, तिच्या तळाशी चांदीसारखा दिसणारा पातळ धातू. ऊब लागली की तो फुगायचा, आणि फुगायला वरच जागा असल्यामुळे नळीत चढायचा. अशी पाऱ्याची तापमापी फॅरनहाइटने १७१४ साली केली. म्हणजे 'पारा चढणं' हा वाक्प्रचार त्याआधीचा असणं शक्य नाही. भाषेतल्या बहुतेक म्हणींचं वय कळत नाही, याची मागची हद्द तरी कळते.

पाऱ्याची दुसरी प्रतिमा मात्र यंत्राहून जुनी असणार. पाऱ्यासारखा चंचल, पाऱ्यासारखा निसटणारा. हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे, तरी प्रयत्न करते. एकदा तासाला एका मुलाचं कोपर लागून तापमापी खाली पडली. काच फुटल्याचा आवाज झाला आणि फरशीवर चांदीचे मणी पळाले. पळाले हाच शब्द. एक थेंब आपटून दहा झाले, दहा फरशीच्या सांध्यात शिरून एकामागे एक ओळीने उभे राहिले. चार मुलांनी खाली बसून बोटं लावली. बोट टेकलं की मणी दुभंगायचा, बोट उचललं की कोरडंच. मी ओरडून हात मागे घ्यायला लावले, खिडक्या उघडल्या, मुलांना बाहेर काढलं. मग जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी मणी एकमेकांकडे ढकलले. दोन मणी भिडले की मधली रेघसुद्धा न उरता एक होतात. सांध्यांतल्या उरलेल्या थेंबांवर गंधकाची पूड टाकली. पारा आणि गंधक मिळून पाऱ्याचं सल्फाइड होतं. जुन्या रसशास्त्रात दोन्ही खलून जी काळी कज्जली करत, ती तीच. आणि निसर्गात सापडणारा लाल हिंगूळही तेच संयुग, फक्त स्फटिकांची ठेवण वेगळी.

ओरडले ते वाफेच्या भीतीने. पारा साध्या खोलीतही हळूहळू वाफ होतो. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती मेंदूला आणि मूत्रपिंडांना बाधते. जपानमधल्या मिनामाता गावी पाऱ्याच्या एका संयुगाने सांडपाण्यातून माशांत आणि माशांतून माणसांत शिरून केवढा घात केला, ते १९५६ साली उजेडात आलं. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ पासून अमलात आहे. तुमच्या घरी पाऱ्याची तापमापी नाही, त्याचं एक कारण तो करार. पाऱ्याने घरातून जावं हेच बरं. शब्दाने मात्र राहावं. नातीला एवढंही सांगा की पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठून घट्ट होतो. आजीचा पारा तिथवर उतरवायचा तिला हुरूप येईल.

प्रश्न : मी सहावीत आहे. पेन्सिलीच्या आत शिसं असतं आणि शिसं विषारी असतं, मग आम्हाला पेन्सिल का देतात?

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न फार चांगला आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. इंग्लंडमध्ये बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात एक काळा, मऊ, कागदावर रेघ उमटवणारा खनिज पदार्थ सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव चिकटलं. १७७९ साली शेले या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की तो कार्बन आहे. मग ग्रीक भाषेतल्या 'लिहिणं' या शब्दावरून त्याला ग्राफाइट नाव मिळालं. आजच्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ आणि काळीभोर. शिसं विषारी असतं हे तुझं म्हणणं मात्र खरं आहे, ते विसरू नकोस. आणि मोठी माणसं 'पाय शिशासारखे जड झाले' म्हणतात ना, त्यांना सांग की सोनं शिशाहूनही पुष्कळ जड आहे.

प्रश्न : आमच्या नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक सारखे म्हणतात, 'तुम्हा दोघांची केमिस्ट्री दिसत नाही.' मराठी शब्द काय? 'रसायन' म्हटलं तर सगळे हसतात.

उत्तर : हसू नका म्हणावं. मराठीत माणसाला 'अजब रसायन आहे' असं आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की या माणसात न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यातून काहीतरी तिसरंच तयार झालं आहे.

माणसांच्या नात्याला रसायनाची उपमा देणं आजकालचं नाही. १७१८ साली जोफ्र्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने कुठल्या पदार्थाला कुणाची ओढ जास्त, याचा तक्ताच मांडला होता. एखादा पदार्थ जोडीदार सोडून जास्त ओढीच्या पदार्थाकडे जातो, हे त्याने प्रयोगांतून टिपलं. त्या तक्त्यावरून माणसांचा विचार करायचा मोह कुणाला होणार नाही?

पण तुमच्या दिग्दर्शकांना काय हवं आहे, ते एका प्रयोगातून दाखवते. ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड कागदावर नीट मिसळा. लोखंड करडं, गंधक पिवळं, दोन्ही मिळून राखाडी-पिवळट पूड होते. जवळ चुंबक धरा. लोहकीस टपटप उडून चुंबकाला चिकटेल, गंधक कागदावर राहील. हे मिश्रण. आता तीच पूड परीक्षानळीत घालून तळाशी आच द्या. एक कोपरा लालबुंद झाला की दिवा बाजूला घ्या. तरीही लाली आपोआप पुढे पुढे सरकत सगळ्या पुडीतून जाते. निवल्यावर काळा घट्ट गोळा मिळतो. त्याला चुंबक लावा, दाद देणार नाही. त्यात ना लोखंडाचा गुण उरला, ना गंधकाचा. हे संयुग.

'सूर जुळले', 'मेळ बसला' हे शब्द चांगलेच आहेत, पण त्यांत दोघंही जसेच्या तसे राहतात. दिग्दर्शक म्हणतात ते तसं नाही. दिवा काढल्यावरही पुढे सरकणारी लाली त्यांना बघायची आहे. तुमचं अजून मिश्रण आहे, कुणीही चुंबक आणला तर वेगळे व्हाल. मी तिथे 'दोघांचं रसायन जमलं' असंच म्हणेन.

आणखी एक शब्द तुमच्या हाताशी आहे, किमया. अरबी 'अल-कीमिया' म्हणजे हलक्या धातूचं सोनं करायची विद्या. पश्चिमेकडे गेली ती अल्केमी झाली, पुढे 'अल' गळून केमिस्ट्री झाली. आपल्याकडे आली ती किमया राहिली. केमिस्ट्री आणि किमया या सख्ख्या बहिणी आहेत. एक प्रयोगशाळेत शिकली, दुसरीने चमत्कार जपला. आणि परिसाचं ते काम शास्त्रज्ञांनी खरंच करून दाखवलं आहे. १९८० साली अमेरिकेत बर्कली इथे ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवर्धकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, बिस्मथ या धातूच्या अणूंमधून सोन्याचे काही अणू मिळवले. खर्च सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट. पण झालं.

प्रश्न : माझ्या निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले, 'हे आमच्या खात्याचे उत्प्रेरक होते.' मला आनंद झाला. घरी मुलगा म्हणाला, 'बाबा, उत्प्रेरक स्वतः काहीच करत नाही, नुसता बाजूला असतो.' तेव्हापासून मनाला लागलं आहे.

उत्तर : मुलाने अर्धवट पाठ केलं आहे. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ. 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही' असं वाक्य पुष्कळजण घोकतात, आणि ते चूक आहे. तो भाग घेतो. अभिक्रिया करणाऱ्यांशी थोडा वेळ जोडला जातो, त्यांना डोंगरमाथ्यावरून जाण्याऐवजी खालची खिंड दाखवतो, आणि काम झाल्यावर होता तसा मोकळा होतो. म्हणून शेवटच्या हिशेबात तो खर्ची पडलेला दिसत नाही. कॅटॅलिसिस हा शब्द बर्झेलियस या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १८३५ साली दिला. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो.

मी वर्गात हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायची. पाण्यासारखं दिसतं, तासभर ठेवलं तरी काही घडत नाही. त्यात चिमूटभर काळी मँगनीज डायऑक्साइडची पूड टाकली की फसफसून वर येतं, भांडं कोमट लागतं, आणि धुमसती काडी आत धरली की प्राणवायूमुळे पेट घेते. शांत झाल्यावर आम्ही पूड गाळून, धुऊन, वाळवून तोलायचो. जेवढी टाकली तेवढीच. ती पुन्हा पुढच्या वर्गाला.

तेव्हा वरिष्ठांनी तुम्हाला मोठा मान दिला. एका गोष्टीची खात्री मात्र करून घ्या : नोकरीत तुम्ही झिजलात, आजारी पडलात, घरी वेळ देऊ शकला नाहीत, असं असेल तर तुम्ही उत्प्रेरक नव्हता, तुम्ही इंधन होता. तोही मान आहे, पण शब्द वेगळा. मुलाला एवढंही सांगा की उत्प्रेरकावरही विषबाधा होते. शिसं त्याच्या पृष्ठभागावर बसलं की तो निकामी होतो. गाड्यांच्या धुराड्यात उत्प्रेरक बसवायचे म्हणून पेट्रोलमधलं शिसं काढावं लागलं. चांगल्या माणसालाही कशाच्या संगतीत बसवायचं, याचा विचार करावा लागतो.

प्रश्न : 'केमिकलमुक्त' असं लिहिलेली वस्तू घ्यावी का?

उत्तर : ते शब्दच अशक्य आहेत. पाणी रसायन, मीठ रसायन, आपण स्वतः रसायनांचे. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनतज्ज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला. तोवर तो फक्त प्राण्यांच्या शरीरात तयार होतो असा समज होता. भांड्यातला युरिया आणि शरीरातला युरिया यांत कणभर फरक निघाला नाही. कुठून आलं याला महत्त्व नाही. काय आहे आणि किती आहे याला आहे. वेष्टनावर 'मुक्त' काय लिहिलंय ते सोडा, आत काय आहे ती यादी वाचा.

मला दुःख होतं ते शब्दाचं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं नाव रसायन. त्याचा अर्थ वार्धक्य लांबवणारी, शरीराला नवी उभारी देणारी चिकित्सा. आपल्या पणजीला 'यात रसायन आहे' असं सांगितलं असतं, तर तिने वाटी पुढे केली असती. आपण वाटी मागे घेतो.

प्रश्न : बदलीमुळे मुलगा हिंदी माध्यमातून मराठीत आला. 'अणू' आणि 'क्षार' दोन्हींत त्याचे गुण जातात.

उत्तर : मुलाचा दोष नाही. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम अणू आणि मॉलिक्यूल रेणू. तसंच हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, मिठांच्या वर्गाला लवण. मराठीत त्या मिठांच्या वर्गालाच क्षार म्हणतात, आणि आम्लाच्या विरुद्ध टोकाला आम्लारी. संस्कृताच्या बाजूने पाहिलं तर 'क्षार'च्या बाबतीत हिंदी मुळाच्या जवळ आहे. पण नळाला पांढरा थर बसला की आपण 'पाण्यात क्षार आहेत' म्हणतो, ते मराठी पाठ्यपुस्तकाप्रमाणे अचूक आहे, कारण ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारच असतात. वहीच्या पहिल्या पानावर हे चार शब्द दोन रकान्यांत लिहून द्या. शिक्षकांनाही एकदा भेटा. त्यांना कारण कळलं, तर ते नक्की समजून घेतील.

प्रश्न : व्याकरणातला धातू आणि लोखंडासारखा धातू, शब्द एकच कसा?

उत्तर : 'धा' म्हणजे ठेवणं, धारण करणं. ज्याच्या आधारावर बाकीचं उभं राहतं, तो धातू. क्रियापदं ज्यावर उभी राहतात तो व्याकरणातला, शरीर ज्यांवर उभं ते रस, रक्त, मांस वगैरे सात आयुर्वेदातले, आणि खडकातून निघणारा तो आपला.

प्रश्न : शेजारचे काका माझ्या मुलाला 'अगदी अर्क आहे' म्हणाले. वाईट वाटून घ्यावं का?

उत्तर : अर्क हा शब्द अरबी 'अरक'वरून आला, त्याचा अर्थ घाम. ऊर्ध्वपातन करताना पाहिलं, तर कारण कळतं. भांड्यात फुलं किंवा पाला उकळत असतो, वाफ वर जाते, आणि थंड भागाला लागली की तिथे घामासारखे बारीक थेंब फुटतात. ते एकमेकांना मिळून ओघळतात आणि नळीतून टपकतात. घमेलंभर पाल्यातून एवढीशी बाटली भरते, पण बूच उघडलं की खोलीभर वास. 'बापाचा अर्क' म्हणतात तेव्हा बापातलं जे सगळ्यांत उग्र होतं, ते मुलात उतरलं, असा अर्थ. काकांना तो गुण मुलाच्या वडिलांत दिसला की तुमच्यात, हे त्यांनाच विचारा. कुठला गुण, तेही विचारा.